स्फटिकाच्या आकारावरील नियंत्रणाचा इतिहास : जलौष्मिक संश्लेषणातील फ्लोराईड सूक्ष्मस्फटिकांच्या विशेष संदर्भात

सारांश :

स्फटिकाला त्याचा बाह्य आकार कोठून मिळतो आणि तो आकार मनुष्याला ठरविता येतो काय, हा प्रश्न सतराव्या शतकापासून युरोपीय विज्ञानासमोर होता. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अजैविक फ्लोराईडांचे सूक्ष्मस्फटिक बंद पात्रातील तप्त पाण्यात वाढवून त्यांना षट्कोनी स्तंभ, चकत्या, नळ्या असे हवे ते आकार देण्याचे प्रयत्न मोठ्या प्रमाणावर यशस्वी झाले. प्रस्तुत शोधनिबंधात या यशामागील सुमारे साडेतीनशे वर्षांच्या वाटचालीचा मागोवा घेतला असून, 'नियंत्रण' ही संज्ञा या संदर्भात कितपत सार्थ आहे याची चिकित्सा केली आहे.

बीजसंज्ञा : स्फटिक, बाह्याकार, जलौष्मिक संश्लेषण, फ्लोराईड, दुर्मिळ मृदा मूलद्रव्ये, अधिशोषण.

प्रस्तावना :

साखरेच्या दाट पाकात दोरा सोडून पाक संथपणे निवू दिला की दोऱ्याभोवती खडीसाखरेचे टपोरे खडे जमतात. तोच पाक घाईने आटवून घोटला तर हाती पिठीसारखी बारीक साखर येते. पदार्थ एकच, अंतर्गत रचनाही एकच; फरक पडतो तो वाढीच्या परिस्थितीने. हा अनुभव पाकशाळेत पिढ्यान्‌पिढ्या परिचित असला तरी त्यामागील कार्यकारणभाव उलगडण्यास विज्ञानाला दीर्घकाळ लागला. तो पूर्णतः उलगडला आहे असे आजही म्हणता येत नाही.

स्फटिकशास्त्राच्या इतिहासात १९१२ या वर्षाला मानाचे स्थान दिले जाते. त्या वर्षी माक्स फॉन लाउए व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्फटिकातून क्ष-किरणांचे विवर्तन होते हे सिद्ध केले आणि स्फटिकाच्या अंतरंगातील अणूंची मांडणी वाचण्याचा मार्ग खुला झाला. परिणामतः त्यानंतरचा इतिहास प्रामुख्याने अंतरंगाचा इतिहास म्हणून लिहिला गेला व बाह्याकाराचा प्रश्न काहीसा मागे पडला. प्रस्तुत लेखाचा विषय हा मागे पडलेला प्रश्न होय. त्यासाठी फ्लोराईड सूक्ष्मस्फटिकांचे उदाहरण निवडण्याचे कारण असे की, या एका उदाहरणात खनिजशास्त्र, उष्मागतिकी, पात्रांची घडण, युद्धकालीन गरजा आणि प्रकाशविज्ञान हे पाचही प्रवाह एकत्र आलेले दिसतात.

उद्दिष्टे :

१) स्फटिकाच्या बाह्याकाराविषयीच्या सिद्धांतांचा कालानुक्रमे आढावा घेणे.
२) जलौष्मिक पद्धतीच्या विकासात पात्र व उपकरणे यांचे स्थान स्पष्ट करणे.
३) फ्लोराईड सूक्ष्मस्फटिकांच्या आकार-नियंत्रणाच्या दाव्याची ऐतिहासिक दृष्टीने चिकित्सा करणे.

अभ्यासपद्धती :

सदर लेखासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. प्रयोगशाळेतील प्रत्यक्ष प्रयोग हा या लेखाचा विषय नाही. प्रयोगांमागील विचारांचा प्रवास हा विषय आहे.

१. कोनाचा नियम आणि आकाराचे कोडे

१६११ मध्ये योहान केप्लर यांनी हिमकण नेहमी सहा टोकांचाच का असतो, या प्रश्नावर एक छोटी पुस्तिका लिहिली. १६६९ मध्ये फ्लॉरेन्स येथे कार्यरत असलेले डॅनिश शास्त्रज्ञ निकोलस स्टेनो यांनी असे दाखविले की, गारगोटीच्या स्फटिकांची पृष्ठे लहानमोठी असली तरी समान पृष्ठांमधील कोन मात्र बदलत नाहीत. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्समध्ये रोमे द लील यांनी कोनमापकाच्या साहाय्याने हा नियम असंख्य खनिजांना लागू करून दाखविला, तर रने-जुस्त आउई यांनी स्फटिक हे लहान समान घटकांच्या रचनेतून उभे राहतात ही कल्पना मांडली.

येथे एक बाब ध्यानात घेणे आवश्यक आहे. स्टेनो यांचा नियम कोनांविषयी आहे, आकाराविषयी नाही. किंबहुना आकार बदलत असूनही कोन बदलत नाहीत, हेच त्या नियमाचे सामर्थ्य होय. म्हणजेच स्फटिकशास्त्राची उभारणीच मुळी आकाराला 'अनिश्चित' म्हणून बाजूस सारून झाली. आकाराचे कोडे मात्र तसेच राहिले.

या कोड्याची पहिली किल्ली ज्या निरीक्षणात होती, ते काहीसे अनपेक्षित आहे. १७८३ मध्ये रोमे द लील यांनी नोंदविले की, मिठाच्या संपृक्त द्रावणात मूत्र मिसळले असता मिठाचे स्फटिक नेहमीच्या घनाकाराऐवजी अष्टफलकाच्या आकारात वाढतात. यातील कार्यकारी घटक मूत्रातील युरिया हा होता, हे पुढे स्पष्ट झाले. युरिया मिठाच्या स्फटिकाच्या आत शिरत नाही. तो विशिष्ट पृष्ठांना चिकटतो व त्या पृष्ठांची वाढ मंदावतो. ज्या पृष्ठाची वाढ मंद, तेच पृष्ठ अंतिम स्फटिकावर विस्ताराने दिसते; वेगाने वाढणारे पृष्ठ स्वतःच्याच वेगाने आकुंचन पावत नाहीसे होते. परक्या पदार्थाच्या अल्प अंशाने स्फटिकाचा आकार पालटतो, हे तत्त्व अशा रीतीने १७८३ मध्येच नोंदले गेले होते. त्याचे हेतुपुरस्सर उपयोजन फ्लोराईडांच्या बाबतीत व्हावयास दोन शतकांहून अधिक काळ जावा लागला.

२. समतोल की वाढ?

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या प्रश्नाला सैद्धांतिक बैठक मिळाली. अमेरिकन शास्त्रज्ञ विलर्ड गिब्ज यांनी १८७० च्या दशकात, फ्रान्सचे पिएर क्यूरी यांनी १८८५ मध्ये आणि रशियन स्फटिकशास्त्रज्ञ गेऑर्ग वुल्फ यांनी १९०१ मध्ये केलेल्या मांडणीचे सार असे की, समतोल अवस्थेत स्फटिक असा आकार धारण करतो की ज्यामुळे त्याची एकूण पृष्ठऊर्जा किमान राहील. ज्या पृष्ठाची ऊर्जा कमी, ते केंद्राच्या जवळ व म्हणून विस्ताराने मोठे.

हा सिद्धांत गणिती दृष्ट्या देखणा आहे. परंतु कॅल्शियम फ्लोराईड म्हणजेच फ्लुओराइट हे खनिज त्याला एक अडचणीचा प्रश्न विचारते. फ्लुओराइटच्या अष्टफलकी पृष्ठाची ऊर्जा सर्वांत कमी असते व हे खनिज फुटतेही त्याच पृष्ठांना समांतर. समतोलाच्या नियमानुसार निसर्गातील फ्लुओराइट प्रामुख्याने अष्टफलकी असावयास हवे. प्रत्यक्षात खाणींतून मिळणारे फ्लुओराइट बहुतांशी घनाकार असते. आपल्या नाशिक जिल्ह्यातील महोदरी येथील बेसाल्ट खडकाच्या पोकळ्यांत तर ते पिवळसर गोलकांच्या रूपात आढळले असून, हे गोलक जगभरातील खनिज-संग्राहकांच्या परिचयाचे आहेत. एकाच पदार्थाचे घन, अष्टफलक आणि गोलक असे तीन आकार निसर्गाने स्वतःच सिद्ध केले आहेत.

याचा अर्थ वुल्फ यांचा नियम चुकीचा होता असा नव्हे. स्वतः गिब्ज यांनीच असे सूचित केले होते की, हा विचार अतिसूक्ष्म स्फटिकांना लागू पडावा. स्फटिक मोठा होऊ लागला की त्याचा आकार नव्या द्रव्याच्या साचण्याच्या प्रक्रियेवर अधिक अवलंबून राहील. म्हणजेच समतोलाचा आकार निराळा आणि वाढीचा आकार निराळा. विसाव्या शतकातील संशोधन या दुसऱ्या दिशेने गेले. १९२७-२८ मध्ये कोसेल व स्त्रान्स्की यांनी स्फटिकपृष्ठावरील पायऱ्यांवर अणू कसे बसतात याचे चित्र मांडले. १९३६ मध्ये जपानमधील होक्काइडो येथे उकिचिरो नाकाया यांनी प्रयोगशाळेत कृत्रिम हिमकण तयार केले आणि तापमान व अतिसंपृक्तता या दोन घटकांनुसार हिमकणाचा आकार चकती, सुई वा तारका असा पालटतो हे दाखविले. १९५१ मध्ये बर्टन, काब्रेरा व फ्रँक यांनी स्फटिकातील मळसूत्री दोषांमुळे वाढ अखंड कशी चालू राहते, याचा सिद्धांत मांडला.

नाकाया यांच्या कार्याचे महत्त्व येथे विशेषत्वाने नमूद करावेसे वाटते. 'या परिस्थितीत हा आकार' असा नकाशा हिमकणांसाठी त्यांनी प्रथम तयार केला. केप्लर यांच्या प्रश्नाला तब्बल सव्वातीनशे वर्षांनी मिळालेले हे प्रायोगिक उत्तर होते.

३. पात्राचा इतिहास

विचारांच्या या प्रवासाला समांतर असा एक प्रवास पात्रांचा आहे. 'जलौष्मिक' ही संज्ञा स्कॉटिश भूशास्त्रज्ञ रॉडरिक मर्चिसन यांनी भूगर्भातील तप्त पाण्याच्या कार्याचे वर्णन करताना वापरली असे मानले जाते. उच्च तापमान व दाब यांखालील पाणी खडकातील द्रव्ये विरघळविते आणि निवताना स्फटिकरूपाने परत करते. दख्खनच्या बेसाल्टमधील पोकळ्यांत आढळणारे झिओलाइट व फ्लोरिनयुक्त अपोफिलाइट यांचे स्फटिक हे याच प्रक्रियेचे फलित होय.

हीच प्रक्रिया बंद पात्रात घडविण्याचे प्रयत्न एकोणिसाव्या शतकात सुरू झाले. दनी पापँ यांनी १६७९ मध्ये तयार केलेले वाफेचे पात्र, म्हणजे आजच्या प्रेशर कुकरचा पूर्वज, १८४५ मध्ये शाफहॉइटल यांनी गारगोटीचे सूक्ष्म स्फटिक मिळविण्यासाठी उपयोगात आणले. रॉबर्ट बुन्सेन यांनी जाड काचेच्या नळ्या वापरल्या. १८५१ च्या सुमारास फ्रान्सचे द सेनार्माँ यांनी मोहोरबंद काचनळी दाबपात्रातील पाण्यात ठेवून तापविण्याची युक्ती योजली. आतील व बाहेरील दाब परस्परांना तोलून धरीत असल्याने काच फुटत नसे. विसाव्या शतकाच्या आरंभी इटलीतील तुरिन येथे जॉर्जो स्पेत्सिया यांनी बीजस्फटिकावर गारगोटी वाढवून दाखविली. त्यासाठी त्यांना महिनोन्‌महिने वाट पाहावी लागली.

संथ गतीने चाललेल्या या शास्त्राला वेग दिला तो दुसऱ्या महायुद्धाने. बिनतारी संदेशयंत्रणेसाठी गारगोटीच्या निर्दोष स्फटिकांची प्रचंड गरज निर्माण झाली आणि त्यांचा मुख्य पुरवठा ब्राझीलमधून होत होता. जर्मनीत रिखार्ड नाकेन यांनी कृत्रिम गारगोटीचे प्रयोग केले; युद्धानंतर त्यांची माहिती दोस्त राष्ट्रांच्या हाती आली आणि अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत वॉकर व ब्यूहलर यांनी पद्धत पुढे नेली. सुमारे ३५० अंश सेल्सिअस तापमान व वातावरणाच्या हजारपटीहून अधिक दाब सहन करणारी पोलादी पात्रे ही या प्रयत्नांची देणगी होय.

तथापि फ्लोराईडांना यांतील कोणतेही पात्र सहजी चालण्यासारखे नव्हते. आम्लधर्मी द्रावणातील फ्लोराईड काच खाते. बुन्सेन व द सेनार्माँ यांच्या काचनळ्या येथे निरुपयोगी होत्या. पोलादही गंजते व त्याची अशुद्धी स्फटिकात उतरते. सोने वा प्लॅटिनम यांचे अस्तर शक्य होते, पण ते सर्वसामान्य प्रयोगशाळेच्या आवाक्यातील नव्हते. फ्लोरिनच्या या दाहक स्वभावाची किंमत रसायनशास्त्रज्ञांनी प्राणांनी मोजली आहे. १८८६ मध्ये आंरी म्वासाँ यांनी फ्लोरिन मुक्तावस्थेत मिळविण्यापूर्वी बेल्जियमचे लुये व फ्रान्सचे निक्लेस हे शास्त्रज्ञ या प्रयत्नांत मृत्युमुखी पडले होते.

ही अडचण ज्या पदार्थाने दूर केली तो स्वतःच फ्लोरिनचे अपत्य होता. १९३८ मध्ये अमेरिकेत रॉय प्लंकेट यांना योगायोगाने टेफ्लॉन सापडले. कार्बन व फ्लोरिन यांचे हे बहुवारिक फ्लोराईडच्या द्रावणाला दाद देत नाही. टेफ्लॉनचा पेला पोलादी पात्रात बसवून, झाकण घट्ट आवळून, साध्या भट्टीत ठेवता येऊ लागला. टेफ्लॉन फार उच्च तापमानाला मऊ पडत असल्याने असे प्रयोग साधारणतः २२० अंशांपर्यंतच मर्यादित राहतात. १८० अंशांना पात्रातील पाण्याचा दाब वातावरणाच्या सुमारे १० पट असतो; गारगोटीच्या तुलनेत ही परिस्थिती सौम्यच म्हणावी लागेल. फ्लोराईड सूक्ष्मस्फटिकांचे संशोधन पुढे अनेक देशांतील लहानमोठ्या प्रयोगशाळांत पसरले, त्यामागे या स्वस्त व साध्या पात्राचा वाटा मोठा आहे. विज्ञानाच्या इतिहासात सिद्धांतकर्त्यांची नावे राहतात. पात्र घडविणाऱ्यांची क्वचितच राहतात.

४. फ्लोराईड आणि प्रकाश

फ्लोराईडांचेच स्फटिक का हवेत, याचे उत्तर प्रकाशाशी निगडित आहे. सोळाव्या शतकात आग्रिकोला यांनी वर्णिलेले फ्लुओराइट हे धातू वितळविताना द्रावक म्हणून वापरले जाई; 'वाहणे' या अर्थाच्या लॅटिन शब्दावरूनच त्याचे नाव पडले. १८५२ मध्ये जॉर्ज स्टोक्स यांनी याच खनिजावरून प्रतिदीप्तीला 'फ्लुओरेसन्स' हे नाव दिले. १८८० च्या दशकात जर्मनीत एर्न्स्ट आबे यांनी सूक्ष्मदर्शकाच्या भिंगांत फ्लुओराइटचा वापर करून रंगदोष दूर केला. निर्मळ नैसर्गिक फ्लुओराइट दुर्मिळ असल्याने पुढे अमेरिकेत स्टॉकबार्गर यांनी वितळलेल्या कॅल्शियम फ्लोराईडपासून मोठे स्फटिक वाढविले.

येथवर स्फटिकाच्या बाह्याकाराला महत्त्व नव्हते, कारण मोठा स्फटिक कापून व घासून हवा तसा घडविता येतो. काही सहस्रांश मिलिमीटर आकाराचा सूक्ष्मस्फटिक मात्र असा घडविता येत नाही. तो जन्मतःच घडलेला असावा लागतो. आकाराच्या प्रश्नाने विसाव्या शतकाच्या अखेरीस पुन्हा उचल खाल्ली, याचे मूळ या साध्या वस्तुस्थितीत आहे.

दुसरे कारण असे की, १९६० च्या दशकात अवरक्त किरणांचे दृश्य प्रकाशात रूपांतर करणाऱ्या पदार्थांचा शोध लागला. १९६६ मध्ये फ्रान्सचे फ्रान्स्वा ओझेल आणि सोव्हिएत रशियातील ओव्ह्स्यान्किन व फेओफिलोव्ह यांनी स्वतंत्रपणे या प्रक्रियेचे स्पष्टीकरण दिले. यटर्बियमचे आयन अवरक्त प्रकाश शोषून ती ऊर्जा शेजारच्या अर्बियम आयनाला टप्प्याटप्प्याने देतात व अर्बियम हिरवा वा तांबडा प्रकाश बाहेर टाकतो. यट्रियम, यटर्बियम, अर्बियम व टर्बियम या चारही मूलद्रव्यांची नावे स्वीडनमधील इटर्बी या एकाच गावावरून आली आहेत, ही बाब इतिहासाच्या अभ्यासकाला निश्चितच रोचक वाटेल. १९७२ मध्ये मेन्यूक व सहकाऱ्यांनी सोडियम यट्रियम फ्लोराईड हा या आयनांसाठी अतिशय कार्यक्षम आश्रय असल्याचे दाखविले. फ्लोराईडांच्या जालकातील कंपने अल्पऊर्जेची असल्याने शोषलेली ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया कमी जाते, हे त्याचे कारण होय. या संयुगाची दोन रूपे आहेत : घनीय आणि षट्कोनी. प्रकाशाच्या दृष्टीने षट्कोनी रूप अधिक सरस आहे.

५. सायट्रेट, सामू आणि षट्कोन

एकविसाव्या शतकाच्या आरंभी या संशोधनाचे केंद्र चीनकडे सरकले. बीजिंगच्या त्सिंगहुआ विद्यापीठातील वांग शून व ली यादोंग यांनी २००३ मध्ये दुर्मिळ मृदा संयुगांच्या सूक्ष्म तारा, नळ्या व पोकळ कण जलौष्मिक पद्धतीने मिळविल्याचे प्रसिद्ध केले आणि २००५ मध्ये अनेक वर्गांतील संयुगांना लागू पडेल अशी एक व्यापक पद्धत मांडली. २००७ मध्ये शांघायच्या फुदान विद्यापीठातील झाओ दोंगयुआन यांच्या गटाने सोडियम व दुर्मिळ मृदा फ्लोराईडांच्या नळ्या, चकत्या व दंड यांच्या एकसारख्या रांगा तयार केल्या. त्याच वर्षी चांगचुन येथील ली चुनशिया, लिन जून व सहकाऱ्यांनी षट्कोनी सोडियम यट्रियम फ्लोराईडचा आकार द्रावणाचा सामू आणि फ्लोराईडचा स्रोत बदलून कसा पालटतो, याचा पद्धतशीर अभ्यास प्रकाशित केला.

या पद्धतीचे सामान्य स्वरूप पुढीलप्रमाणे सांगता येईल. यट्रियमच्या क्षाराच्या द्रावणात सोडियम सायट्रेट मिसळतात. सायट्रेट यट्रियमच्या आयनांना धरून ठेवते. नंतर फ्लोराईड मिसळून, सामू ठरवून, मिश्रण टेफ्लॉनच्या पेल्यात बंद करून १८० अंशांच्या आसपास सुमारे एक दिवस ठेवतात. प्रथम घनीय रूपाचे बारीक कण जन्मतात. ते हळूहळू विरघळतात व त्यांतील द्रव्य अधिक स्थिर अशा षट्कोनी रूपात पुन्हा साकारते. सायट्रेट येथे दुहेरी भूमिका बजावते. एकीकडे ते यट्रियम सावकाश मोकळे करून वाढीचा वेग आवरते. दुसरीकडे ते स्फटिकाच्या विशिष्ट पृष्ठांना चिकटून त्यांची वाढ रोखते. षट्कोनी स्तंभाच्या वरच्या व खालच्या पृष्ठांची वाढ रोखली गेली तर चपटी चकती मिळते. बाजूंची वाढ रोखली गेली तर लांब दंड मिळतो. फ्लोराईडच्या स्रोताचेही असेच आहे. सोडियम फ्लोराईड आपले आयन तत्काळ देते, तर सोडियम बोरोफ्लोराईड पाण्यात सावकाश विघटित होऊन फ्लोराईड पुरविते. म्हणून स्रोत बदलणे म्हणजे अप्रत्यक्षपणे वेग बदलणे होय.

१७८३ मधील मूत्र आणि २००७ मधील सायट्रेट यांच्यातील साम्य येथे सहज ध्यानात यावे. दोन्ही ठिकाणी परका पदार्थ पृष्ठाला चिकटतो, वाढ अडवितो आणि आकार घडवितो. फरक इतकाच की, पहिल्या प्रसंगी तो पदार्थ 'अशुद्धी' होता, दुसऱ्या प्रसंगी तो 'आकारनियंत्रक' झाला. रसायनशास्त्राने ज्याला शतकानुशतके अपद्रव्य म्हणून गाळून टाकले, त्यालाच त्याने पुढे मजुरीवर ठेवले, असे म्हटल्यास वावगे ठरू नये. २०१० मध्ये सिंगापूर येथील वांग फेंग, लिऊ शिआओगांग व सहकाऱ्यांनी तर गॅडोलिनियमचे मिश्रण करून याच संयुगाचे रूप व आकारमान एकाच वेळी नियंत्रित करता येते हे दाखविले. येथे परका घटक पृष्ठावर न थांबता स्फटिकाच्या आतच जाऊन बसला.

६. आकाराचे मोल

एवढा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न विचारणे रास्त आहे. त्याची दोन उत्तरे अलीकडच्या इतिहासात मिळतात. १९२९ मध्ये पीटर प्रिंग्सहाइम यांनी प्रकाशाच्या साहाय्याने पदार्थ थंड करता येईल अशी कल्पना मांडली होती. १९९५ मध्ये यटर्बियमयुक्त फ्लोराईड काचेवर ती प्रथम प्रत्यक्षात आली. २०१५ मध्ये अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी जलौष्मिक पद्धतीने वाढविलेले यट्रियम लिथियम फ्लोराईडचे सूक्ष्मस्फटिक पाण्यात लेसरने पकडून सभोवतालापेक्षा थंड करून दाखविले.

दुसरे उत्तर गुरुत्वीय लहरींशी संबंधित आहे. २०१३ मध्ये आर्वानिटाकी व गेरासी यांनी असे सुचविले की, निर्वातात प्रकाशाने तरंगत ठेवलेली सूक्ष्म चकती उच्च वारंवारतेच्या गुरुत्वीय लहरींची चाहूल घेऊ शकेल. गोलकापेक्षा चकती सरस, कारण ती प्रकाश इतस्ततः कमी विखुरते व त्यामुळे तिला बसणारे धक्केही कमी असतात. २०२२ मध्ये जलौष्मिक पद्धतीने वाढविलेल्या सोडियम यट्रियम फ्लोराईडच्या षट्कोनी चकत्या याच हेतूने प्रकाशात तरंगत ठेवल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले. हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ परिसरात नियोजित असलेल्या व केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२३ मध्ये मान्यता दिलेल्या लायगो-इंडिया वेधशाळेचे तत्त्व व वारंवारतेचा पट्टा यांहून निराळे आहेत. तेथे किलोमीटर लांबीच्या बाहू आहेत. येथे डोळ्यांना न दिसणारी चकती. परंतु ती चकती 'चकतीच' असणे, यावर येथे सारा प्रयोग अवलंबून आहे. आकार हा येथे अलंकार नव्हे, कार्य होय.

७. 'नियंत्रण' या संज्ञेची चिकित्सा

वरील विवेचनावरून स्फटिकाच्या आकारावर मानवाने विजय मिळविला, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. परंतु येथे सावधगिरी बाळगणे इष्ट ठरेल, असे प्रस्तुत अभ्यासकाचे मत आहे. त्याची कारणे तीन आहेत.

पहिले कारण असे की, या प्रयोगांत एक घटक बदलताना दुसरे घटक आपोआप बदलतात. सोडियम फ्लोराईडऐवजी अमोनियम फ्लोराईड घेतले तर केवळ स्रोत बदलत नाही. द्रावणाचा सामू व सोडियमचे प्रमाणही बदलते. मग आकार पालटला तो नेमका कशामुळे? दुसरे कारण असे की, पोलादी पात्र अपारदर्शक आहे. नाकाया यांना हिमकण डोळ्यांसमोर वाढताना पाहता आला; जलौष्मिक प्रयोग करणाऱ्यास बहुधा एक, तीन, सहा, बारा तासांनी पात्रे उघडून निरनिराळ्या क्षणांची चित्रे जोडावी लागतात. त्या चित्रांच्या मधली गोष्ट ही अनुमानाने भरलेली असते. तिसरे कारण नोंदींचे आहे. पात्र किती भरले, ते कोणत्या वेगाने तापविले, कसे निवविले, टेफ्लॉनचा पेला नवा होता की वापरलेला, या बाबी आकारावर परिणाम करू शकतात. परंतु प्रसिद्ध होणाऱ्या निबंधांत त्या सर्वच नोंदविल्या जातात असे नाही.

म्हणून २००३ ते २०१० या काळात जे साध्य झाले, त्याला 'नियंत्रण' म्हणण्यापेक्षा 'विश्वसनीय पाककृतींचा संग्रह' म्हणणे अधिक यथार्थ ठरेल. पाककृती कमी प्रतीची असते असे येथे सुचवावयाचे नाही. रोमे द लील यांचे निरीक्षणही पाककृतीच होते आणि ते आजही टिकून आहे. मात्र पाककृती आणि नकाशा यांत फरक आहे. पाककृती ज्ञात ठिकाणी नेते. नकाशा अज्ञात ठिकाणी कसे जावे हेही सांगतो. हिमकणांसाठी असा नकाशा १९३० च्या दशकात तयार होऊ लागला, कारण तेथे बदलणारे घटक प्रामुख्याने दोनच होते. फ्लोराईडांसाठी ते अनेक आहेत आणि संपूर्ण नकाशा अद्याप हाती आलेला नाही.

हा भेद केवळ शब्दांचा नाही. टेफ्लॉनचा पेला, पोलादी पात्र आणि साधी भट्टी ही सामग्री महाविद्यालयीन प्रयोगशाळेच्या आवाक्यात आहे. भारतातही या शाखेला भक्कम परंपरा आहे. मैसूर विद्यापीठाचे के. बायरप्पा यांनी जपानच्या योशिमुरा यांच्यासमवेत सिद्ध केलेला जलौष्मिक तंत्रज्ञानावरील ग्रंथ २००१ मध्ये प्रकाशित झाला. अशा स्थितीत विद्यार्थ्याला 'आकार नियंत्रित झाला आहे' असे शिकविले तर त्याच्या वाट्याला सामूचा एखादा नवा अंक घेऊन जुनाच प्रयोग पुन्हा करणे येईल. 'आकार का पालटतो हे अद्याप पुरते कळलेले नाही' असे शिकविले तर त्याच्या वाट्याला प्रश्न येईल. इतिहासाच्या अध्यापकाने विज्ञानाच्या सहकाऱ्यासाठी काही करावयाचे असेल, तर ते एवढेच की ज्ञानाच्या सीमारेषा कोठे आहेत, हे कालक्रमाच्या आधारे दाखवून द्यावे.

निष्कर्ष :

१) स्फटिकशास्त्राची पायाभरणी आकाराला गौण ठरवून झाली, त्यामुळे आकाराचा प्रश्न दीर्घकाळ उपेक्षित राहिला.
२) परक्या पदार्थाच्या अल्प अंशाने आकार पालटतो हे तत्त्व १७८३ पासून ज्ञात होते, फ्लोराईडांच्या बाबतीत त्याचे उपयोजन टेफ्लॉनच्या पात्रामुळे सुलभ व सार्वत्रिक झाले. विचाराइतकेच पात्रही या इतिहासाचे कर्ते आहे.
३) सूक्ष्मस्फटिक घासून घडविता येत नसल्याने, आधुनिक प्रकाशविज्ञानाने बाह्याकाराच्या जुन्या प्रश्नाला नवे महत्त्व प्राप्त करून दिले.
४) सायट्रेट, सामू व फ्लोराईडचा स्रोत यांच्या साहाय्याने मिळालेले यश वादातीत आहे, परंतु त्याला पूर्ण नियंत्रण म्हणणे ऐतिहासिक व वैज्ञानिक दोन्ही दृष्टींनी घाईचे ठरेल.

समारोप :

महोदरीच्या खडकातील फ्लुओराइटचा गोलक कोणत्याही प्रयोगशाळेविना घडला. त्याला घडविणाऱ्या पाण्यात काय विरघळलेले होते, ते किती तप्त होते, किती काळ स्थिर राहिले, याची नोंद कोणी ठेवली नाही. ती नोंद त्या गोलकाच्या आकारातच आहे. प्रयोगशाळेतील षट्कोनी चकतीविषयीही हेच म्हणता येईल. आकार हा स्फटिकाने स्वतः लिहिलेला वाढीचा इतिहास होय. तो लिहवून घेण्याची कला आपल्याला बऱ्याच अंशी साधली आहे. तो संपूर्ण वाचण्याचे कार्य मात्र अजून शिल्लक आहे.